वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतर जुनी शिडाची नौका पाण्यात उतरवताना

नारळी पौर्णिमा झाली की कोळीवाड्यांत शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा दर्यावर जातात. मुंबई, मांडवा आणि गोवा येथील हौशी नौकांचा हंगाम मात्र मोसमी वारे पुरते माघारी गेल्यावर, ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पंचवीस ते चाळीस वर्षे वयाच्या, फायबरच्या शिडाच्या नौकांविषयी आहेत. अशा नौका किमतीने आवाक्यात येतात, त्यांचे फायबर बहुधा जाड व भक्कम असते आणि नीट निगा राखली तर त्या आणखी कित्येक वर्षे उत्तम चालतात. उत्तरे देताना कामांच्या क्रमावर मी मुद्दाम भर दिला आहे, कारण पत्रांतील याद्या वाचल्यावर पैसा आणि वेळ जिथे सर्वांत आधी लागायला हवा तिथेच तो सर्वांत शेवटी लागणार, अशी काळजी वाटते.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून १९८७ साली बांधलेली तीस फुटी फायबरची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची नौका) विकत घेतली आहे. पावसाळाभर ती यार्डात क्रेडलवर उभी होती. केबिनमधील लाकडाचे पॉलिश, गाद्यांचे नवे कापड आणि डेकचा रंग ही कामे आम्ही ठरवली आहेत. ऑक्टोबरअखेर नौका पाण्यात उतरवायची आहे. कशापासून सुरुवात करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण ठरवलेली तिन्ही कामे नौका पाण्यात उतरल्यावर, डिसेंबरात सवडीने करता येतील. आता हाती घ्यायची ती कामे अशी, की जी नौका जमिनीवर असतानाच होऊ शकतात. त्यांत पहिला क्रमांक सीकॉकचा, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली हलला (नौकेच्या मुख्य कवचाला) पाडलेल्या प्रत्येक छिद्रावरील झडपेचा. शौचालय, सिंकचा निचरा आणि इंजिनला थंड ठेवणारे समुद्राचे पाणी यांसाठी अशी छिद्रे असतात आणि जुन्या नौकेत ती आपल्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. गादीखालची, लॉकरच्या तळाची प्रत्येक फळी उचलून ती आधी शोधून काढा आणि त्यांचा एक साधा नकाशा काढून केबिनमध्ये लावा.

मूळच्या ब्राँझच्या झडपा काढून त्या जागी मधल्या काळात कोणीतरी स्वस्तातल्या पितळी झडपा बसवल्या आहेत, असे जुन्या नौकांवर वारंवार आढळते. पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. बाहेरून आकार जसाच्या तसा दिसतो, पण हातोडीच्या हलक्या टोल्यानेही तुकडा पडू शकतो. प्रत्येक झडपेची मान चाकूच्या टोकाने जराशी खरवडून पाहा. आत सोनेरी-पिवळा धातू चमकला तर ती शाबूत आहे. गुलाबी किंवा तांबूस रंग दिसला तर ती झडप आणि तिच्याखालची हलमधून जाणारी नळी, दोन्ही काढून टाकावीत आणि ब्राँझ, जस्त न सोडणारे खास पितळ किंवा नौकांसाठीच बनवलेले काचतंतुयुक्त नायलॉन यांपैकी एकाची नवी जोडी बसवावी. हार्डवेअरच्या दुकानातील नळाची झडप दिसायला तशीच असली तरी ती या कामाची नव्हे.

धोका किती आहे, ते साध्या गणिताने समजते. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र उघडे पडले, तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येते. बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या पोकळीत, साचलेले पाणी उपसणारा हातपंप एकट्या माणसाला इतक्या वेगाने फार वेळ चालवता येत नाही. म्हणून झडपेचे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरते की नाही ते पाहा, झडपेला जोडलेला होज (रबरी नळी) दाबल्यावर कडक किंवा भेगाळलेला वाटला तर बदला, जिथे जागा आहे तिथे प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक झडपेशेजारी छिद्र बुजवायला तिच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवा. क्लिपा घेताना सोबत लहानसे चुंबक न्यावे. पट्टी स्टेनलेसची आणि आतील स्क्रू साध्या पोलादाचा, अशा क्लिपा बाजारात पुष्कळ मिळतात आणि वर्षभरात गंजून सुटतात.

त्यानंतर कील, म्हणजे हलखाली बोल्टांनी जोडलेला, नौकेला तोल देणारा वजनदार भाग. कील आणि हल यांच्या जोडरेषेवर, विशेषतः पुढच्या व मागच्या टोकाला, रंगात भेग उघडली आहे का, तिथून गंजाचे ओघळ आले आहेत का, हे पाहावे. आत बिल्जमध्ये उतरून कीलच्या बोल्टांचे नट आणि त्यांच्या आसपासचे आडवे फ्रेम विजेरीच्या उजेडात तपासावेत. नौका पूर्वी कधी खडकाला किंवा वाळूला जोरात लागली होती का, हे आधीच्या मालकांना स्पष्ट शब्दांत विचारा. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही चाळीस फुटी यॉट अँटिगाहून इंग्लंडला परतत असताना उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरील चौघांनाही प्राण गमवावे लागले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने आपल्या अहवालात म्हटले, की नौका पूर्वी तळाला लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने तिची रचना दुबळी झालेली असू शकते. कीलजवळच्या फ्रेमला बारीकशी जरी चीर दिसली, तरी नौका पाण्यात टाकण्याआधी जाणकार सर्व्हेअरला दाखवावी. या एका बाबतीत मित्रांच्या अंदाजावर विसंबू नका.

सुकाणूचे खालचे टोक हातात धरून पुढे-मागे आणि आडवे हलवा. किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. प्रोपेलरचा शाफ्टही तसाच हलवून बघावा. इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अॅनोड निम्मे झिजले असतील तर बदला आणि त्यांवर कोणी रंग मारणार नाही याची काळजी घ्या. रंगवलेला अॅनोड काहीच काम करत नाही.

प्रश्न : सर्व्हेअरने डोलकाठीच्या सर्व वायरी बदलायला सांगितल्या आहेत. वायरी स्टेनलेसच्या असून अगदी चकचकीत दिसतात. खर्च मोठा आहे. खरेच बदलायला हव्यात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वायरी किती जुन्या आहेत, हे आपण कळवलेले नाही आणि निर्णय त्यावरच अवलंबून आहे. समुद्रावर नियमित वापरल्या जाणाऱ्या नौकेची रिगिंगची, म्हणजे डोलकाठी ताणून उभी धरणारी, वायर दहा ते पंधरा वर्षांनी बदलावी, असे या कामाचे कारागीर (रिगर) सांगतात आणि बहुतेक विमा कंपन्यांचाही आग्रह त्याच सुमाराचा असतो. वायरी कधी बसवल्या याची पावती किंवा नोंद उपलब्ध नसेल, तर त्या मुदतीबाहेर गेल्या आहेत असेच समजावे. सर्व्हेअरचे म्हणणे मला योग्य वाटते.

चकाकीवरून काही ठरत नाही. स्टेनलेस पोलाद टिकते ते हवेतील ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर तयार होणाऱ्या अतिशय पातळ थरामुळे. जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, तिथे तो थर पुन्हा तयार होत नाही आणि गंज आतल्या आत धातू पोखरतो. वायरीचे खालचे टोक ज्या दाबून बसवलेल्या नळीत, म्हणजे स्वेजमध्ये जाते, तिथे वरून ओघळलेले पाणी मुरते. म्हणून वायर तुटते ती बहुधा तिथे, स्वेजच्या तोंडाशी. कापसाचा बोळा घेऊन वायरीवरून हळूच फिरवा. तंतू तुटला असेल तर कापूस अडकतो. त्यानंतर भिंगाने स्वेजची नळी पाहा. तिच्यावर केसासारखी उभी चीर किंवा तोंडाशी तपकिरी डाग दिसला, तर ती वायर वाचवण्याचा विचारही करू नये. एकोणीस तारांच्या वायरीतील एक जरी तार तुटलेली आढळली, तरी तिची जोडीची वायरही त्याच वयाची आहे हे ध्यानात ठेवावे.

खर्चाचा विचार करता एक सुचवतो. वायरी बदलताना डोलकाठी उतरवावीच लागेल, तेव्हा त्याच खेपेत चेनप्लेटही काढून पाहा. या पोलादी पट्ट्या डेकमधून खाली जाऊन हलच्या आतील भिंतीला बोल्टने जोडलेल्या असतात आणि डेकच्या जाडीत लपलेला त्यांचा भाग वर्षानुवर्षे कोणाच्याच नजरेस पडत नाही. सगळ्या काढणे परवडत नसेल तर ज्या चेनप्लेटखाली केबिनमध्ये पाण्याचा डाग आहे ती एक काढावी. तिची अवस्था पाहिली की बाकीच्यांबद्दल निर्णय घेता येतो. डोलकाठी खाली आहेच, तर वरच्या पुली मोकळ्या फिरतात का ते पाहा, दिव्याची वायर बदला आणि हॅलयार्डची (शीड वर चढवायच्या दोराची) टोके उलटसुलट करून घ्या, म्हणजे आतापर्यंत पुलीवर घासलेला भाग दुसरीकडे जातो.

प्रश्न : तळाचा जुना रंग खरवडताना जेलकोटवर (फायबरच्या बाहेरील गुळगुळीत थरावर) वाटाण्याएवढे फोड दिसले. हा ऑस्मोसिस असेल तर नौका निकामी झाली का? आणि इतकी जुनी नौका घेऊन लांब जाणेच चूक आहे का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : निकामी मुळीच झालेली नाही. पॉलिएस्टर रेझिनच्या जुन्या हलमध्ये पाण्याचा अंश झिरपून थोडे फोड येणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. फोड तुरळक असतील तर ते उघडून, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सीने भरावेत. सुकवण्याला मात्र पुरेसा वेळ द्यावा. पावसाळ्यात यार्डात उभी असलेली नौका सुकलेली असते असे मानू नका, कारण दमट हवेत फायबरमधील ओल हलत नाही. संपूर्ण तळ सोलून नवा थर देण्याचे महागडे काम फोड सर्वत्र पसरले असतील तरच विचारात घ्यावे.

रंग कोरडा घासू नका, ही विनंती. आपली नौका १९८०च्या दशकातील असेल तर तळाशी असलेल्या थरांत ट्रायब्यूटाइल टिन हे विषारी रसायन असण्याची शक्यता आहे. फ्रान्सने १९८२ मध्ये आणि ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी घातली, कारण कालवांची पैदास त्यामुळे बिघडली होती. त्याआधीचे थर मात्र कित्येक नौकांवर नव्या रंगाखाली तसेच आहेत. पाणी मारून ओले घासावे, योग्य मास्क वापरावा, गाळ जमा करून घ्यावा आणि खाडीत जाऊ देऊ नये. आपल्याकडच्या खाड्यांतील कालवे आणि तिसऱ्या कित्येक घरांच्या रोजच्या जेवणात असतात.

मला आपल्या डेकची काळजी अधिक वाटते. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असते आणि रेलिंगच्या खांबांच्या बोल्टांमधून पाणी शिरून ते कुजते. प्लास्टिकच्या हातोडीने डेकवर टकटक करत जावे. खणखणीत आवाज बदलून जिथे बद्द होतो तिथे आत ओल आहे. बोल्ट काढून छिद्र मोठे करावे, इपॉक्सीने भरावे आणि त्या भरावातून नवे छिद्र पाडावे, म्हणजे पुढे गळती झाली तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

वयाबद्दल बोलायचे तर अभिलाष टॉमी यांनी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब ही एकट्याने, कुठेही न थांबता करायची जगप्रदक्षिणेची शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली, ती रस्लर ३६ या जातीच्या नौकेतून. त्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका चालतात. वयापेक्षा नौकेची तयारी महत्त्वाची.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी डिझेल इंजिन व्यवस्थित बंद करून ठेवले होते. आता लगेच सुरू होते, पण पाच-दहा मिनिटांनी गुदमरून बंद पडते. मेकॅनिक इंजेक्टर बदला म्हणतो.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी फिल्टरपाशी जा. टाकी अर्धी रिकामी राहिली असेल, तर पावसाळ्याच्या दमट हवेतील बाष्प टाकीच्या आतील भिंतींवर जमून पाणी तळाला साचते आणि डिझेल व पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीवांची वाढ होते. डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या विभाजक फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ काचेच्या बरणीत थोडे डिझेल घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर आणि त्यावर काळपट, बुळबुळीत पापुद्रे दिसले, तर निदान झाले असे समजा. इंजिन सुरू झाल्यावर तेच पापुद्रे ओढले जाऊन फिल्टर बंद करतात. टाकीचे झाकण उघडून ती आतून पुसून काढावी, दोन्ही फिल्टर बदलावेत, जीवनाशक औषध घातलेले ताजे डिझेल भरावे आणि पुढल्या मे महिन्यात टाकी गच्च भरूनच ठेवावी. फक्त औषध ओतून काम भागत नाही. मेलेले पापुद्रेही फिल्टर तितकेच बंद करतात. बरणीत काही आढळले नाही, तर इंधनाच्या नळीत कुठे हवा ओढली जाते का, ते पाहावे.

इंजिनचे झाकण उघडलेच आहे तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलरही काढा. महिनोन्‌महिने एकाच स्थितीत दबून राहिलेल्या त्याच्या पाकळ्या वाकतात आणि तुटतात. एखादी पाकळी कमी भरली तर ती सापडेपर्यंत शोधा. ती पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असते आणि भर समुद्रात इंजिन तापवते. आपल्या नौकेला शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह (हलमधून सरळ खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय) असेल, तर हलमधील त्याच्या रबरी पडद्याचे वय तपासावे. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते.

प्रश्न : शिडांवर बुरशीचे काळे ठिपके आले आहेत. ब्लीच चालेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नायलॉनच्या स्पिनेकरला (पुढच्या हलक्या, फुगीर शिडाला) ब्लीच अजिबात लावू नका, त्याने कापड कमजोर होते. डेक्रॉनच्या (पॉलिएस्टर कापडाच्या) शिडांना सौम्य साबण, भरपूर गोडे पाणी आणि सावलीतली वाळवण पुरे. ठिपके थोडे राहिले तरी शिडाची ताकद कमी होत नाही. ताकद जाते ती उन्हाने, आणि कापडाच्या आधी शिलाईची. शिवणीवरून नखाने जोर देऊन ओढावे. दोरा तुटला तर सगळ्या शिवणी पुन्हा मारून घ्याव्यात.

प्रश्न : आम्ही साउथॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीकाठी राहतो. आमची अठ्ठावीस फुटी जुनी यॉट हिवाळ्यात बाहेर काढलेली असते आणि ईस्टरच्या सुमारास पाण्यात जाते. आपण लिहिता ते सगळे इथेही लागू पडते का?
— एक वाचक, हॅम्पशायर

उत्तर : सीकॉक, कील आणि रिगिंग यांबाबत जसेच्या तसे लागू पडते. फरक आहे तो मधल्या महिन्यांनी केलेल्या नुकसानीचा. कोकणात नौकेला उष्णता आणि दमटपणा छळतात, तर आपल्याकडे गोठणारे पाणी. बॉल प्रकारची झडप बंद ठेवली असेल तर आतील गोळ्याच्या पोकळीत अडकलेले पाणी गोठून झडपेला चीर जाते. शरद ऋतूत पाणी काढायचे राहून गेले असेल, तर मार्चमध्ये समुद्राच्या पाण्याचा गाळणीडबा, गोड्या पाण्याचा पंप आणि शौचालयाचा पंप हे तिन्ही तपासावेत. बॅटरी काही तास विश्रांतीत ठेवून मोजा: १२.६ व्होल्टच्या पुढे असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी संपूर्ण हिवाळा निम्म्यावर राहिली असेल, तर तिच्यावर विसंबून निघू नये.

लाइफजॅकेटे तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावीत, त्यांतील गॅसचे नळकांडे तराजूवर तोलून त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहावे आणि जॅकेट आपोआप फुगवणाऱ्या यंत्रणेवरील मुदत वाचावी. हे काम हॅम्बलमध्ये काय आणि मांडव्यात काय, सारखेच महत्त्वाचे आहे आणि ते घरी टेबलावर बसून करता येते.

प्रश्न : आमची पस्तीस वर्षांची नौका ऑक्टोबरच्या अखेरीस पाण्यात उतरेल. दिवाळीच्या सुट्टीत लगेच मुंबईहून गोव्याला निघायचा बेत आहे. काय सांगाल?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : बेत सुंदर आहे, पण तो डिसेंबर-जानेवारीवर न्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. याची दोन कारणे आहेत. पहिले हवामानाचे. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर होतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले आणि समुद्रात असलेल्या अनेक मच्छीमार नौका त्यात सापडल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघायचेच असेल तर हवामान विभागाचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ पाहावा आणि दक्षिणेकडे कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याची नुसती सूचना आली तरी बंदर सोडू नये.

दुसरे कारण नौकेचे. सहा महिने जमिनीवर राहिलेल्या जुन्या नौकेतील दोष पहिल्या काही फेऱ्यांत उघड होतात आणि ते मांडव्यासमोर उघड व्हावेत, रत्नागिरीच्या बाहेर होऊ नयेत. आधी बंदरातच दिवसाच्या फेऱ्या माराव्यात, मग दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात पूर्ण शिडांनी जोर लावून नौका चालवावी. एकदा रेवदंड्यापर्यंत जाऊन रात्रीचा नांगर टाकून पाहा. मुंबईच्या आसपास उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या घरात जातो, त्यामुळे नांगराची साखळी किती सोडली याचा अंदाज इथे सहज चुकतो.

मोठ्या सफरीला निघाल तेव्हा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासचे हे अंतर एका दमात कापायचा हट्ट धरू नका. जयगड आणि विजयदुर्ग ही दोन्ही ठिकाणे आसऱ्याला चांगली आहेत. मालवणजवळ खडक असल्याने तिथे अंधारात शिरू नये. पहाटे निघून मतलई वाऱ्याचा फायदा घ्यावा आणि दुपारी वायव्येचा वारा धरला की दक्षिणेकडे वेग चांगला मिळतो. रात्री किनाऱ्यालगत डोल जाळ्यांचे खुंट आणि बिनदिव्याचे तरंगे दिसत नाहीत, तेव्हा रात्रीचा प्रवास करावा लागलाच तर किनाऱ्यापासून पुरेसे दूर राहा. जाळे प्रोपेलरमध्ये गुरफटले तर इंजिन तत्काळ बंद करावे. आणि जाळे कापण्याआधी जवळ कोणी तांडेल असेल तर त्याला हाक मारावी, कारण ते जाळे त्याची रोजीरोटी असते आणि ते सोडवायचे कसे, हेही त्यालाच उत्तम ठाऊक असते. व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल सतत चालू असावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक नौकेवरील प्रत्येकाला पाठ असावा.

जोराच्या वाऱ्यातील पहिल्या फेरीहून परतल्यावर, नौका नांगरावर स्थिर झाली की, नव्या वायरी ताणून सैल पडल्या आहेत का ते पाहून त्यांना ताण देणारे टर्नबकल पुन्हा आवळा, त्यांच्या पिना जागेवर आहेत याची एकेक करून खात्री करा आणि बिल्जची फळी उचलून तिथे पाणी आले असल्यास चाखून पाहा. ते गोडे असेल तर टाकी किंवा तिची नळी गळते आहे. खारे असेल तर सीकॉकचा नकाशा हातात घेऊन पहिल्या सीकॉकपासून शोधायला सुरुवात करा.